वजनाच्या ऑपरेशननंतरचं आयुष्य : तुमचे अनुभव लिहा

बेरिएट्रिक सर्जरी करावी की नाही, यावर भरपूर लिहिलेलं सापडतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, किती किलो उतरले तो आकडा. त्या दुसऱ्या फोटोनंतरही माणूस जगत असतो, रोज जेवत असतो, लग्नाला जात असतो, आजारी पडत असतो. त्याबद्दल आपल्या भाषेत फार थोडं वाचायला मिळतं, म्हणून हा धागा. ऑपरेशनला वर्ष उलटून गेलेल्यांनी, किंवा अशा माणसाची काळजी घेणाऱ्यांनी, जरूर लिहा. स्वतःचं नाव नको, हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचंही नको. गाव पुरे.

स्लीव्ह की बायपास, तेवढं मात्र सांगा. स्लीव्हमध्ये जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कायमचा काढून टाकतात आणि उरते ती केळ्यासारखी अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलीची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींनंतर होणारे त्रास वेगळे, घ्यायची काळजीही थोडी वेगळी.

सुरुवात माझ्यापासून. पुणे, बायपास. रात्री श्वास अडकायचा, मशीन लावून झोपावं लागायचं, गुडघे गेलेले. ते मशीन आता माळ्यावर आहे. पण मला सगळ्यात जड गेलं ते पाणी. तांब्या तोंडाला लावून गटागट पिणारी मी. आता घोट, थांबणं, पुन्हा घोट. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. उन्हाळ्यात बाहेरून आल्यावर अजूनही जीव कासावीस होतो.

दुसरी गोष्ट प्रथिनांची. दिवसाला किमान ६० ग्रॅम पोटात गेली पाहिजेत असं सांगतात. आमचं घर शाकाहारी. वाटीभर घट्ट वरणात जेमतेम ६-७ ग्रॅम, आणि तेवढ्या वरणानेच माझं पोट भरतं. म्हणून आधी पनीर, मूग किंवा दही, मग भाजी, जागा उरली तर भाकरीचा चतकोर. आमच्या आईला हे बघवत नाही. तिच्या मते आधी भात वाढला नाही तर ते जेवणच नव्हे. आता ती माझ्यासाठी मुगाचं धिरडं वेगळं करते, आणि ते मला औषधापेक्षा जास्त लागू पडलंय.

नाशिक, बायपास, बँकेत नोकरी

मी मधुमेहासाठी केलं. वर्षानुवर्षं इन्सुलिन चालू होतं. ऑपरेशननंतर हॉस्पिटलमध्येच डोस झपाट्याने उतरला आणि थोड्याच दिवसांत बंद झाला. वजन अजून फारसं हललंही नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं की खाणं एकदम कमी होतं हे एक कारण, आणि अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचल्यामुळे तिथून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त सुटतात हे दुसरं. घरच्यांनी पेढे वाटले, "शुगर गेली" म्हणून. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, गेली म्हणू नका, शांत झाली म्हणा. काही वर्षांनी एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांची सरासरी साखर) हळूहळू वर सरकलं आणि आता एक गोळी चालू आहे. नातेवाईक विचारतात, मग उपयोग काय झाला? माझे डोळे आणि किडनी इतकी वर्षं साखरेच्या माऱ्यातून वाचली, हा उपयोग झाला. तो मला पुरेसा वाटतो.

डम्पिंगबद्दल, म्हणजे गोड खाल्ल्यावर होणाऱ्या त्रासाबद्दल, नव्या लोकांना नीट सांगायला हवं. ते दोन तऱ्हांचं असतं. गुढीपाडव्याला वाटीभर श्रीखंड खाल्लं, तर वीस मिनिटांत छातीत धडधड, घाम, पोटात कळ, आणि आडवं व्हावंच लागलं. साखर पिशवीत न थांबता थेट आतड्यात उतरते आणि आतडं पाणी ओढून घेतं, म्हणून हे होतं. दुसरं उशिरा येतं, एक ते तीन तासांनी. सकाळी शिरा खाऊन ऑफिसला गेलो आणि काउंटरवर बसल्या बसल्या हात थरथरायला लागले, समोरचे आकडे दिसेनात. रक्तातली साखर एकदम चढून मग खाली कोसळते. शेजारच्या सहकाऱ्याने ग्लुकोमीटर आणला म्हणून कळलं. आता नाश्त्याला अंडी किंवा मुगाची उसळ, गोड खायचंच तर जेवणाच्या शेवटी चमचाभर.

सांगली, भावाचा अनुभव, स्लीव्ह

मला हे लिहायला वेळ लागला, पण लिहायलाच हवं.

ऑपरेशननंतर दुसऱ्या महिन्यात भावाला उलट्या सुरू झाल्या. मऊ भात, पातळ खिचडी, काहीच टिकेना. पोट लहान केलंय, असं होणारच, असं घरात सगळे म्हणायचे. गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून आणायचो, तेही ग्लुकोजचं. काही आठवडे गेले. मग तो म्हणायला लागला पायाला मुंग्या येतात. मग चालताना झोकांड्या, आणि एक दिवस म्हणाला, ताई, मला तू दोन दिसतेस.

मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का? उत्तर ऐकल्याबरोबर त्यांनी शिरेतून बी-१ म्हणजे थायमिन दिलं, ग्लुकोज त्यानंतरच. शरीरात या जीवनसत्त्वाचा साठा फक्त दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. उलट्या होत राहिल्या की तो संपतो, आणि तशात नुसतं ग्लुकोज दिलं तर उरलासुरलाही खर्च होतो, मेंदूला इजा होऊ शकते. डोळे लवकर सुधारले. पायांना महिनोन्‌महिने लागले. जिना उतरताना तो अजून कठडा सोडत नाही.

माझं कळकळीचं सांगणं आहे. दोन-तीन दिवस सलग उलट्या झाल्या तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना फोन करा, वाट बघू नका. आणि पेशंटच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा : कुठलं ऑपरेशन, कोणत्या वर्षी. मुंग्या, झोकांड्या, डबल दिसणं, यातलं काहीही दिसलं तर सलाइन लावणाऱ्याला आधी ती चिठ्ठी दाखवा.

(धागाकर्ती) सांगलीच्या ताई, मनापासून आभार. याला जोडून, अगदी पहिल्या काही दिवसांतलं : ताप, पोटात किंवा खांद्यात वाढत जाणारी कळ, आणि विशेषतः नाडी सतत वेगात चालणं, ही टाके गळत असल्याची खूण असू शकते. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात भरलेल्या वायूमुळेही खांदा दुखतो, पण ते दुखणं दिवसागणिक कमी होतं. वाढत असेल तर रात्री अपरात्रीही हॉस्पिटल गाठा.

सातारा, सासूबाईंचं बायपास

आमच्या आईंना लहानपणापासून मिश्रीची सवय. सकाळी मिश्री लावल्याशिवाय चहा नाही. ऑपरेशनपूर्वी त्यांना सिगरेट ओढता का, दारू पिता का एवढंच विचारलं गेलं. आई प्रामाणिकपणे नाही म्हणाल्या. मिश्री म्हणजे तंबाखू, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं, आणि विचारणाऱ्याच्याही नसावं. त्यात पाठ दुखली की मेडिकलमधून सांधेदुखीची गोळी. दीड वर्षाने संडासला डांबरासारखी काळी व्हायला लागली, चक्कर, हिमोग्लोबिन खाली. एंडोस्कोपीत जोडाच्या जागी अल्सर निघाला. तंबाखू आणि त्या वेदनाशामक गोळ्या, दोन्ही त्या जोडाचे वैरी आहेत. पॅरासिटामॉल चालते, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक चालत नाहीत.

मिश्री सोडवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. त्यांना ओरडून काही झालं नाही. शेजारच्या दोघी बायकाही सोडायला तयार झाल्या तेव्हा जमलं. ज्यांच्या घरी मिश्री, गुटखा, तपकीर काहीही आहे त्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

पणजी, बायपास

दारूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. पूर्वी दोन पेगनी जेवढी चढायची तेवढी आता अर्ध्यात, आणि लगेच. दारू पिशवीत न थांबता झटकन रक्तात जाते. आमच्या इथे सणावाराला, लग्नात ग्लास हातात येतोच. ओळखीतल्या एका माणसाला ऑपरेशनआधी व्यसन नव्हतं, नंतर लागलं. डॉक्टर म्हणाले, हे बायपासनंतर माहीत असलेलं संकट आहे. मी ग्लास घेणंच बंद केलं.

ठाणे, स्लीव्ह, पीसीओएस (पाळी अनियमित करणारा हार्मोनचा आजार)

लग्नानंतर पाळी चार-चार महिने नाही. वजन उतरायला लागलं तशी ती नियमित झाली, आणि घरातून लगेच "आता मनावर घ्या" सुरू झालं. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, बारा ते अठरा महिने गर्भधारणा नको. वजन भराभर उतरत असताना अंगात लोह, फॉलिक, बी-१२ सगळ्याची ओढाताण असते, बाळाला काय मिळणार? हे सासूबाईंना माझ्याकडून पटेना, म्हणून नवरा त्यांना घेऊन ओपीडीत गेला. त्यानंतर त्या विषयावर कोणी बोललं नाही. असं घरातल्या मोठ्यांना एकदा सोबत नेणं सगळ्यांनी करावं.

तिसऱ्या महिन्यापासून केस इतके गळले की फणी हातात घ्यायची भीती वाटायची. वजन झपाट्याने घटल्याचा धक्का, सहसा सहा-आठ महिन्यांत थांबतो. माझा थांबला, लोह आणि प्रथिनं नीट ठेवल्यावर.

दिवस गेले ते दुसऱ्या वर्षाअखेर. सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन साखर तपासतात, ते मला चालणार नाही हे मीच आधी सांगितलं. त्याऐवजी आठवडाभर घरी बोटातून तपासणी केली. डोहाळजेवणाला पाच-पाच पक्वान्नांनी भरलेलं ताट समोर आलं तेव्हा मावशीने ते सगळ्या बायकांत वाटून टाकलं आणि माझ्या हातात ताकाचा पेला दिला. मला तेव्हा रडू आलं. मुलगी ठणठणीत आहे.

डोंबिवली, स्लीव्ह

सुटलेल्या कातडीबद्दल लिहितो. शर्ट आत खोचला तर दिसत नाही, पण मे महिन्यात लोकलच्या गर्दीत पोटाच्या घडीखाली घाम साचून चट्टे उठतात, बुरशी होते. घडी कोरडी ठेवणं, सुती बनियन, डॉक्टरांनी दिलेली पावडर. विम्याने ऑपरेशनचे पैसे दिले (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा वर, नाहीतर ३५ किंवा वर आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेला मधुमेह असेल, तर पॉलिसीच्या बाकी अटी पाहून सहसा देतात). कातडी काढायला दिले नाहीत, ते सौंदर्योपचारात धरतात. वजन स्थिर झाल्याशिवाय ती कापूही नये म्हणतात.

नागपूर, स्लीव्ह, सहावं वर्ष

मी वजन परत आलेल्यांपैकी आहे. पूर्ण नाही, पण बरंच.

पहिलं दीड वर्ष भूक अशी नव्हतीच. भुकेचं घ्रेलिन संप्रेरक मुख्यतः बनवणारा जठराचा भागच काढलेला असतो. पुढे भूक परत येते. घट्ट जेवण अजूनही थोडंच जातं, पण चिवडा, बिस्किट, फरसाण जात राहतं, कुठे थांबायचं ते पोट सांगत नाही. शिवाय छातीत जळजळ सुरू झाली, रात्री आंबट पाणी घशात. मी दोन वर्षं तपासणीला गेले नाही, कारण काट्यावर उभं राहायची लाज. गेले तेव्हा कोणी रागावलं नाही. डॉक्टर म्हणाले, लठ्ठपणा हा आजार आहे आणि आजार उलटतो. दुर्बिणीने तपासलं, अन्ननलिकेला सूज होती. स्लीव्हचं बायपास करून घेणं आणि वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांपैकी एखादं, दोन्ही पर्याय समोर ठेवलेत. बायपासने जळजळही थांबेल म्हणून माझा कल तिकडे आहे.

ज्यांचं वजन वाढलंय आणि जे हे वाचून गप्प बसलेत, त्यांनी कृपा करून आपल्या डॉक्टरांकडे परत जा.

कोल्हापूर

पुढच्या महिन्यात माझं ऑपरेशन आहे. घरात नवरा सोडून कोणाला माहीत नाही. एकत्र कुटुंब आहे, सणवार सगळे आमच्याकडेच. सांगावं की नाही?

(धागाकर्ती) कोल्हापूरच्या ताई, माझं मत सांगते. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही, पण स्वयंपाकघर ज्यांच्या हातात आहे त्यांना सांगाच. पहिला महिना-सव्वा महिना आधी वरणाचं पाणी, ताक, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ खिचडी, हे लपवून जमत नाही. आणि आपल्याकडचा आग्रह प्रेमाचा असतो, कारण माहीत नसेल तर "घे की अजून एक" थांबणार नाही. एकीने जरी तुमची बाजू घेतली तरी पंगतीत निभावतं. बाहेर मात्र "पोटाचं ऑपरेशन झालंय, पथ्य आहे" एवढं पुरे, ते खरंही आहे. जाण्यापूर्वी बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ आधीच कमी निघण्याची शक्यता मोठी. नंतरच्या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, आणि कॅल्शियम व लोह एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा.

अजून दोन गोष्टींवर कोणी लिहिलं तर फार बरं होईल. ऑपरेशननंतर संकष्टी-एकादशीचे उपवास कोणी करतं का, आणि कसे? आणि कोणी वारीला चालत गेलं असेल, तर वाटेत खाण्यापिण्याचं कसं सांभाळलं?