आग्र्याची एक दिवसाची सहल

प्रश्न (सातारा): आई-वडिलांना घेऊन गोवा एक्स्प्रेसने आग्र्याला जात आहोत. मार्गदर्शकासोबत एका दिवसात ताजमहाल, किल्ला आणि फत्तेपूर सिक्री पाहून होईल का?

उत्तर (सांगली): शुक्रवार टाळावा, कारण त्या दिवशी ताजमहाल बंद असतो. सूर्योदयालाच आत जावे. कोवळ्या उन्हात संगमरवरात जडवलेल्या फुलांची एकेक पाकळी, तिच्यातील दगडाच्या छटांसह, स्पष्ट दिसते. सिक्री सुमारे ४० किलोमीटर दूर असल्याने वडीलधाऱ्यांची दमछाक होईल.

उत्तर (कराड): किल्ल्याला भरपूर वेळ द्यावा. १६६६ मध्ये महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच किल्ल्यात; तेथे आपण घाईने फिरावे, हे मला पटत नाही. मार्गदर्शकाचे ओळखपत्र आधी पाहावे. आमच्या मार्गदर्शकाने दुकानातच तासभर घालवला.