दोन सा, दोन लयी

दोन गाणी एकदम वाजली की नुसता कल्लोळ होतो, असं बरेचजण म्हणतात. सरसकट नाही पटत.

विसर्जनाच्या दिवशी पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर दोन मंडळांच्या मधोमध उभं राहून बघा. पुढे बँडवर एखादी चाल सुरू असते, मागून ढोल-ताशाचं पथक येत असतं. ढोलाला ठाम असा सूर नसल्यामुळे बँडच्या सुरांशी त्याचं वैर नाही. भांडण फक्त लयीचं. त्यातली एक लय कान धरू शकतो. पाय चुकतात, ते सोडा.

खरा छळ दोन स्पीकरच्या भिंतींचा. एका गाण्याचा सा, म्हणजे आधारसूर, पेटीच्या काळी एक पट्टीवर आणि दुसऱ्याचा पांढरी दोनवर असला, तर अंतर फक्त अर्ध्या सुराचं. लांबवलेला प्रत्येक सूर दुसऱ्याला घासतो. तेच काळी एक आणि काळी चार असलं की सा-पचं, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या सुराचं, नातं जुळतं आणि मधूनमधून चक्क बरं वाटतं. म्हणजे आवाज किती, यापेक्षा षड्ज (सा) कुठे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मुद्दाम असं लिहिणारेही आहेत. दारियुस मियो या फ्रेंच संगीतकाराची १९४८-४९ मधली १४ आणि १५ क्रमांकाची स्ट्रिंग क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) स्वतंत्र वाजवता येतात, आणि आठ वादकांनी एकाच वेळीही. ऐकायची तर आधी एकेक ऐका, मग एकत्र. थेट एकत्र ऐकलीत तर दोन रचना आहेत हे बहुधा जाणवणारही नाही.