प्रति: नवी कॉम्बॅट सिस्टिम

आपल्या ऑनलाइन गेमच्या येत्या अपडेटमध्ये लढाईची पद्धत बदलतेय, ठरावीक वेळेचे इव्हेंट्सही येतायत. त्यावर वर एकाने म्हटलंय, अपडेट आलं की लोक आठवडाभर ओरडतील आणि मग रुळतील. दरवेळी तसं होत नाही हो. स्टार वॉर्स गॅलेक्सीज या ऑनलाइन गेमने नोव्हेंबर २००५ मध्ये तीसहून जास्त प्रोफेशन्स (खेळाडूच्या पात्राचे पेशे) मोडून नऊ केले. बरेच जुने खेळाडू गेले ते गेलेच, २०११ च्या डिसेंबरात गेमही बंद.

रूनस्केप या दुसऱ्या ऑनलाइन गेमचं उदाहरण जास्त कामाचं. २०१२ मध्ये लढाई बदलली, बोंबाबोंब झाली. मग कंपनीने खेळाडूंचं मतदान घेऊन २००७ ची जुनी आवृत्ती फेब्रुवारी २०१३ मध्ये वेगळी सुरू केली. त्यात नवं काही घालायचं तर बराच काळ ७५ टक्के मतं लागायची!

मला मात्र लढाईपेक्षा त्या ठरावीक वेळेच्या इव्हेंट्सची धास्ती आहे. आमचा ग्रुप नाशिकचा, निम्मे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टवाले. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुठे आमची रेड (सगळ्यांनी मिळून लढायची मोठी लढाई) लागते. संध्याकाळी आठचं बक्षीस ठेवलं तर पहिले हेच गळणार. अपडेट आधी खेळून बघायचा टेस्ट सर्व्हर उघडलाय तोवर तिथे हे असं नेमकं लिहा. नुसतं ‘गेम मेला’ टाकून डेव्हलपरला काय डोंबल कळणार?