मदत हवी आहे: सोसायटीच्या ग्रुपवर 'राडा' लिहिलं आणि खरंच राडा झाला

कराडकर_ठाण्यात:
लोकहो तातडीने सुचवा, उद्या रात्री कमिटीची मीटिंग आहे आणि मला लेखी खुलासा द्यायचाय. मी मूळचा कराडचा, आठ वर्षं झाली ढोकाळीला राहतोय, यंदा कोणीच तयार होईना म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी मला केलं (चूक नंबर एक). तर काल खालची टाकी धुवायला माणसं बोलावली होती, त्यांनी सगळा गाळ काढून पार्किंगमध्येच ओतला, त्यात वरून पाऊस, तासाभरात घोट्याएवढं झालं. मी घाईघाईत ग्रुपवर टाकलं, "बी विंगखाली लई राडा झालाय, ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी ताबडतोब खाली या."

आता आमच्याकडं राडा म्हणजे चिखल हो! अंगणात पाय रुतायला लागले की आई ओरडणार, राड्यातनं येऊ नको, पाय धू आधी. पण इथं पाच मिनिटांत ३०४ वाला हेल्मेट घालून बॅट घेऊन खाली, सोबत त्याचा मेव्हणा, तो बिचारा वागळे इस्टेटवरून नुसता जेवायला आलेला, त्याच्या हातात लाटणं. वॉचमनने गेट लावून घेतलं आणि स्वतः गेटच्या बाहेर राहिला. चेअरमनकाका "कोण आहे रे, कोण आहे तो" करत धावत आले ते थेट राड्यात बसले, म्हणजे माझ्या राड्यात. पांढरा लेंगा. आणि काकू वरून गॅलरीतून, "अगं बाई, यांना पाडलं कोणी!"

तर दोन प्रश्न. खुलाशात काय लिहू? आणि येत्या रविवारी गच्चीवरची टाकी धुवायचीय, त्या नोटिशीत असा कुठला शब्द वापरू ज्याचा अर्थ एकच होतो?

कोपरीचा_बाब्या:
पहिलं म्हणजे वॉचमनचा पगार वाढवा, सोसायटीत तेवढाच एक शहाणा आहे. भावा ठाण्यात राडा म्हणजे हाणामारी, आणि तू वर 'लई' लावलंस, म्हणजे निदान दोनचार डोकी फुटली असणार असंच वाटणार ना. मेव्हण्याला मानलं मी, जेवण टाकून आला.

नौपाड्याची_सून:
कोल्हापूरकडून जाहीर पाठिंबा! आमच्यात तर घरात पसारा पडला तरी राडाच. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मिक्सरचं झाकण उडालं, हिरवी चटणी पार ट्यूबलाइटपर्यंत, आणि तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी म्हटलं, आई घरात नुसता राडा झालाय, तुम्ही आत्ता येऊ नका. अर्ध्या तासात नणंद रिक्षाने हजर, घाबरीघुबरी, तिला वाटलं माझं आणि तिच्या भावाचं वाजलं. दारातच मला विचारते, वहिनी, दादाने हात उचलला का? दादा बिचारा स्टुलावर उभा राहून पंखा पुसत होता. अजून राखीपौर्णिमेला हा विषय निघतो.

साइटवरचा_माणूस:
पळवाट आहे. पालिकेची भाषा वापर. रस्त्यावर राडारोडा टाकू नये असं नोटिशीत छापून येतं ना, तो राडारोडा म्हणजे फुटक्या लाद्या, विटांचे तुकडे, पाडलेलं प्लास्टर, आम्ही साइटवर डेब्रिज म्हणतो. त्याला २०१६ पासून वेगळे नियमच आहेत, बांधकाम आणि पाडकाम कचऱ्याचे. तर खुलाशात लिही, 'राडारोडा' लिहायचं होतं, घाईत रोडा राहून गेला.

कराडकर_ठाण्यात:
भारी आहे पण मग लोक विचारतील टाकीतून विटा कशा निघाल्या, आणि बिल्डरला पकडायला निघतील.

ऐरोलीची_पोरगी:
दादा खरं सांगू, मी तुमच्या बिल्डिंगमध्ये असते तर तयार होऊन खाली आले असते. आमच्या कॉलेजात कोणी गॅदरिंगला भारी नाचलं तर 'राडा केलास' म्हणतात. मला वाटलं असतं डीजे आलाय.

कोपरीचा_बाब्या:
म्हणजे एकाच मेसेजवर एक जण बॅट, एक जण लाटणं आणि एक जण लिपस्टिक. 😂

अकोलेकर:
मग 'गारा' लिहा ना भाऊ. आमच्याकडे चिखलाले गारा म्हणतात, भांडणाचा काही संबंधच नाही.

कोपरीचा_बाब्या:
हो का, आणि ठाण्यात 'पार्किंगमध्ये गारा' लिहिलं की सगळी पोरं वाट्या घेऊन खाली, गारा वेचायला. परत चेअरमनकाका त्याच्यातच.

शब्दकिडा:
मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्या साली राड्याचा कोणता अर्थ जोरात होता ते वेगळं सांगायला नको.

नौपाड्याची_सून:
मस्करी पुरे, तो बिचारा उद्या मीटिंगला जाणारे. हे बघ, सरळ 'गाळ' लिही, टाकीतून निघतो तो गाळ, कराडलाही गाळ आणि ठाण्यालाही गाळ. खुलाशात शब्दाचा इतिहास वगैरे नको, चार ओळी लिही, गैरसमज झाला, मेव्हण्यांना त्रास झाला त्याबद्दल दिलगीर आहे, बास. आणि मीटिंगच्या आधी काकांचा लेंगा लाँड्रीत दे. डाग निघणार नाही तो, टाकीच्या गाळात लोखंडी पाइपातला गंजही असू शकतो. नवीनच आण, गोखले रोडला मिळेल.

कराडकर_ठाण्यात:
ताई खरंच थँक्यू. लेंगा आणला, काकूंनी घेतला पण चहा नाही विचारला. खुलासा वाचला, मेव्हण्याचं नाव आल्यावर सगळे हसले, मिटलं एकदाचं. रविवारची नोटीस यावेळी तीनदा वाचून टाकलीय: "रविवारी सकाळी ८ वाजता गच्चीवरची टाकी धुणार. पाणी बंद राहील. टाकी फुल झाली की कळवू." आता यात काही नाही ना?

साइटवरचा_माणूस:
टाकी फुल???

कोपरीचा_बाब्या:
सकाळी ८ लाच? आणि तेही गच्चीवर? चकणा कोण आणतंय?

कराडकर_ठाण्यात:
३०४ चा मेसेज आलाय. विचारतोय, किती वाजता बसायचं, मेव्हण्याला सांगू का.