प्रतिसाद: फक्त थंडी नव्हे, रात्रीची लांबीही
हिवाळ्यात उंदीर, हॅमस्टर (उंदरासारखा छोटा प्राणी) यांचं शरीर आणि वागणं बदलतं ते निव्वळ थंडीमुळे, असं मत इथे मांडलं गेलंय. मला ते अर्धंच पटतं. सैबेरियन हॅमस्टरला उबदार खोलीत ठेवून फक्त उजेडाचे तास १६ वरून ८ वर आणले, तरी काही आठवड्यांत त्याचं वजन घटतं, प्रजनन थांबतं, हळूहळू अंगावर पांढरे केस येतात. रात्र लांबली की मेलाटोनिन (अंधारात स्रवणारं संप्रेरक) जास्त वेळ स्रवतं. शरीर ऋतू ओळखतं ते मुख्यतः त्यावरून.

थंडीचं काम वेगळं. दिवस-रात्रीची लय ठरवणाऱ्या मेंदूतल्या घड्याळाचा वेग तापमानाने फारसा बदलत नाही, वागणं मात्र बदलतं. थंडी आणि अन्नटंचाई एकत्र आली की निशाचर उंदीरही दिवसा हिंडू लागतात! रात्रीच्या कडाक्यात घरट्यात पडून राहिलं की ऊर्जा वाचते. मला ही लवचीकता फार विलक्षण वाटते.