मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यावर जॉकीने पुन्हा घोड्यावर कधी बसावं?

माझा धाकटा भाऊ जॉकी आहे. पुण्याच्या रेसकोर्सवर पहाटेच्या ट्रॅकवर्कला घोडा अडखळला आणि हा डोक्यावर आपटला. हेल्मेटला तडा गेला. स्कॅन नॉर्मल आला, पण अजून उजेड सहन होत नाही, बुटाची नाडी बांधायला वाकला तरी गरगरतं. तरी रोज एकच, "ताई, घोड्यावर कधी बसू?"

आयर्लंडचा जॉकी ब्रायन टूमी २०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या पर्थला पडला, कवटीचा तुकडा काढावा लागला आणि २०१५ मध्ये तो साउथवेलला पुन्हा शर्यतीत उतरला. भाऊ तेच उदाहरण धरून बसलाय. मला त्यातली मधली दोन वर्षं दिसतात. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

पुणे-मुंबईत खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापती नेहमी बघणारे न्यूरोलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का? चक्कर आणि तोलासाठी व्हेस्टिब्युलर फिजिओथेरपी कुठे चांगली मिळते? स्मरणशक्ती आणि प्रतिक्रियेच्या वेगाची चाचणी कुठे होते? आणि यातून गेलेला एखादा जॉकी ओळखीचा असेल तर कृपया फोन जोडून द्या. माझं नाही, त्याचं नक्की ऐकेल.