हँडब्रेकची केबल आवळण्याआधी ब्रेकचे शू जुळवून घ्या

ब्रेकला नवे लायनर (शूवरचं घासणारं अस्तर) टाकूनही हँडब्रेक धरत नसेल तर केबल आवळा, हा सल्ला मला पटत नाही. माझ्या पिकअपला मागच्या चाकांच्या ड्रममधले, ड्रमला आतून दाबून चाक थांबवणारे तेच शू पायाच्या ब्रेकलाही आणि हँडब्रेकलाही. केबल ताणून, गुळाचे रवे (ढेपा) भरून करूळ घाट उतरलो, तर खाली जळका वास आणि रिमला हात लावू देईना. ताणलेल्या केबलमुळे शू मागे सरकतच नव्हते.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी आधी केबल पूर्ण सैल सोडली, शूमधलं अंतर कमीजास्त करणारा ॲडजस्टर फिरवून शू ड्रमला हलके घासेपर्यंत आणले, मग केबल लावली. आता ओढताना पाचव्या 'कट' आवाजाला लिव्हर घट्ट धरतो. आणि ड्रम काढलाच आहे, तर व्हील सिलिंडरचं (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबर उचलून बघाच. आत ओल दिसली तर नवे लायनरही ब्रेक ऑइल पिऊन वाया जातील.